रघूच्या नावापुढे

६ जाने., लालबाग
आईचे दिवस झाले. दादाच्या प्राजूला जात पडताळणीसाठी वंशावळ हवीय. काम माझ्याकडे, शाळेत क्लार्क मी ना. पणजोबांपासून काढली. गावाकडची नावं दादाने सांगितली. शेवटची ओळ आमची : दादा, मी, रघू. रघूपुढे 'मयत' लिहिलं. साल आठवेना. गिरणी संपात तापाने गेला एवढंच ठाऊक. मी सात वर्षांची, तो तीनचा. दादाला विचारलं तर म्हणाला, नुसतं मयत लिही, कोण बघतंय.

१० जाने.
हाफ डे टाकून वॉर्ड ऑफिसात. जन्माची नोंद लगेच मिळाली, परळच्या हॉस्पिटलची. दत्तजयंतीचा जन्म. मृत्यूची नाही. संपाची दोन्ही वर्षं पानन् पान बघितली. लहान मुलांची वयं वाचत गेले. काहींना नावसुद्धा नव्हतं, नुसतं बापाचं नाव. रघू त्यांत नाही. तिथल्या बाई म्हणाल्या, गावी नेलं असेल. पण तेव्हा गावी बाबा एकटेच जाऊन आले होते.

१९ जाने.
दादा मसाला कुटायच्या डंकावरचं काम संपवून आला, अंगभर मिरचीची पूड. म्हटलं, नोंदच नाही रे. आंघोळीला गेला तो बराच वेळ बाहेर येईना. मग वहिनीला काहीतरी आणायला खाली पाठवलं, आणि म्हणाला, "तो मेलो नाय गो. बाबांनी तेका दिल्यानी."

ठाकूरद्वारच्या एका वाडीत आमची आत्या भांडी घासायची. जुने गिरगावकर, नवरा कोर्टात कारकून, मूल नव्हतं. आमच्याकडे पेजेलाही तांदूळ नाहीत. बाबा रघूला घेऊन निघाले, सोबत दा., अकरा वर्षांचा. बसमध्ये रघू त्याच्या खांद्यावर झोपला. त्यांच्या दारात बाबांना पाय उचलवेना. "मगे मीच दिलंय तेका," दा. म्हणाला. आईने चाळीत ताप सांगितला. मलाही तोच.

आडनाव दा.ला आठवत नाही. आत्या तर कधीच गेली.

२० जाने.
शाळेत दोन दाखले चुकले. राग येतोय, पण कुणावर काढू? बाबा नाहीत. आई नाही. दा. कालपासून माझ्याकडे बघत नाही.

३ फेब्रु.
ठाकूरद्वारजवळच्या शाळेत ओळख काढली. तिथल्या क्लार्कबाईंनी जुनं जनरल रजिस्टर काढून दिलं. जन्मतारखेवरून शोधलं. एकच मुलगा. जन्मस्थळ परळ. नाव अभय. पत्ता त्याच वाडीचा.
त्या नावावरून बोट फिरवत बसले. बाई चहा विचारत होत्या, उशिरा कळलं.

९ फेब्रु.
गेले. दोनदा वाडीच्या तोंडाशी येऊन मागे फिरले, तिसऱ्यांदा जिना चढले. दार म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. लालबागहून आले, अमक्याची मुलगी, एवढं सांगितलं तशा बाजूला झाल्या. "या. फार उशीर केलात."

तो आतून आला. मला तुम्ही म्हणाला. त्याला सगळं माहीत आहे, अठराव्या वर्षी बाईंनीच सांगितलं. त्याच आठवड्यात तो आमच्या चाळीत येऊन गेला होता. आईने दार उघडलं. याला काही सुचेना, कुणाचं तरी नाव घेऊन खोली कुठे म्हणून विचारलं. आईने बसायला सांगितलं, पाणी दिलं. हा पाणी पिऊन खाली उतरला.

"त्यांनी ओळखलं असेल का?"

आईने असं कुणी आल्याचं कधी सांगितलं नाही. मी म्हटलं, माहीत नाही. मग सांगितलं, ती डिसेंबरात गेली. तो खाली बसला. बाईंनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी उठू शकले असते. उठले नाही.

१४ फेब्रु.
वंशावळीचं पडताळणीच्या ऑफिसात विचारून आले. दत्तक गेलेलं मूल त्या घरचं, तुमच्यात दाखवू नका, म्हणाले. रघूची ओळ काढून पुन्हा टाइप केली. प्राजू म्हणाली, "पण आत्या, काका आहे ना तो?"
हो म्हटलं. दा.ने सही केली. वाचलं नाही.

२२ फेब्रु.
अभयला फोन. आईच्या वर्षश्राद्धाला येशील का? घाई झाली माझी, कळतंय. म्हणाला, बघू. आई (त्याची) हल्ली एकटी राहू शकत नाही.

२ मार्च, रवि.
दा.ने सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ठाकूरद्वारची बस विचारली. मी येऊ का म्हटलं. नको.
दुपारी आला. वाडीबाहेर उभा होता म्हणे. अभय खाली आला, स्कूटर काढली, याच्या बाजूनेच गेला. चालण्यावरून ओळखला, बाबांचंच चालणं.
मग हाक नाही मारलीस?
दा. चपला काढत होता. म्हणाला, "खयच्या नावान मारू?"
जेवला नाही. पुढच्या रविवारी परत जातो म्हणतोय.