रातपाळीचा लाल पंचा

बाबा,

तुमचा नातू दोन दिवस शाळेत गेला नाही. चौदा वर्षांचा घोडा झालाय, मिसरूड फुटतंय, आणि दप्तर कोपऱ्यात टाकून खोलीचं दार आतून लावून बसला. जेवायला यायचा, खाली मान घालून जेवायचा, परत आत. ह्यांचा पारा चढलेला. काल दारावर थाप मारायला मीही हात उचलला आणि तुमची आठवण झाली. तुम्ही असतात तर आधी मलाच दारापासून बाजूला केलं असतंत.

आपल्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये रातपाळी करून आलेला माणूस झोपला की त्याच्या फाटकावर लाल पंचा टाकायची पद्धत होती. पंचा दिसला की आम्ही पोरं बॉल उचलून दुसऱ्या लायनीत जायचो. कढीपत्ता मागायला आलेली बाईसुद्धा कडी न वाजवता परत फिरायची. भांडणं काय कमी व्हायची त्या क्वार्टर्समध्ये, नळावरून, दोरीवरच्या कपड्यांवरून, पण पंच्याला सगळे मानायचे.

धाकट्या भावाच्या वेळी आईला सातवा लागला आणि डॉक्टरीणबाईंनी दुपारची झोप सक्तीची केली. तेव्हा तुम्ही जनरल शिफ्टला होतात, तरी ड्यूटीवर निघताना फाटकावर पंचा टाकून जायचात. शेजारच्या भाभीजींनी एकदा हटकलंच, "भाईसाहब, आप तो साइकिल पर जा रहे हो, फिर अंदर सो कौन रहा है?" तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "दो जने सो रहे हैं, भाभीजी. डबल ड्यूटी चल रही है." भाभीजी पदर तोंडाला लावून हसत राहिल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या पोळ्या त्यांच्याकडून यायला लागल्या. रविवारी मात्र स्वयंपाक तुमचा. तुमची ती बुडाला लागलेली मुगाची खिचडी मला अजून खावीशी वाटते.

मग मी नववीत. त्या दुपारी शाळेतून येते, दप्तर फेकते आणि आतल्या खोलीचं दार लावून रडत बसते. आई बाहेरून विचारतेय, "अगं, झालं काय? कोणी काही बोललं का?" धाकटा दारावर लाथा मारतोय. तुम्ही कामावरून येता, बूट काढता, आईचं सगळं ऐकून घेता आणि पंचा आणून माझ्या दाराच्या कडीला अडकवता. "राहू दे तिला. आली की चहा दे." एवढंच. घर एकदम गप्प झालं. आत बसून मला किती बरं वाटलं, काय सांगू! दिवेलागणीला मी बाहेर आले, तर तुम्ही तुमच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्याकडे सरकवलात आणि अंगणातल्या पपईला फुलं आल्याचं सांगत बसलात.

हे सगळं मनात होतं, म्हणून काल मी ह्यांना गप्प बसवलं. बाग सेवनियातल्या आमच्या फ्लॅटला फाटक नाही आणि रातपाळीही कोणी करत नाही. मी नुसती दारापासून लांब राहिले. संध्याकाळी तो आपणहून बाहेर आला. चहा दिला. तुमच्यासारखंच इकडचं तिकडचं बोलायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"काय झालं रे शाळेत?"

"कुछ नहीं."

"सांग ना."

"रहने दे ना, आई."

मी जागची हलले नाही. बिस्किटाचा चुरा करत तो म्हणाला, "प्रेयरमध्ये आवाज फाटला माझा. सगळे हसले. सर पण हसले." सांगतानाही आवाज फाटलाच, आणि मग आम्हा दोघांनाही हसू आवरेना. आज तो शाळेत गेलाय. घरात कोणी नाही, म्हणून हे लिहायला बसले, पाठवायचं कुठेच नसलं तरी.

बाबा, नववीतल्या त्या दिवशी माझी मैत्रीण टाउनशिप सोडून गेली होती. तिच्या वडिलांची बदली झाली होती आणि तिनं मला सांगितलंसुद्धा नव्हतं. शाळेतून येताना मी त्यांचं रिकामं क्वार्टर बघितलं. तुम्ही मला एकटं राहू दिलंत, ते फार छान केलंत. पण चहा पिताना मी वाट बघत होते. एकदा विचारलं असतंत, तर सांगितलं असतं.