हे याले कसं कळलं?

काटोल,
६ जानेवारी २०२५

ती. ताईस शि. सा. न.

माझं नाटक तुझ्या कॉलेजात अभ्यासाले लागलं, अन् शिकवणार तू! बाप्पा, हसावं का रडावं? तुझं मोडलेलं लग्न नाटकात घातलं म्हणून दोन महिने अबोला धरला होता तू. आता त्याच नाटकावरचे निबंध तपासून राहिली.

नाटकातल्या काकूले पोरं शिव्या देतात का? द्यायलाच पाहिजे. आपल्या रंभाकाकूनं तुझ्या लहानपणीच्या फिटची गोष्ट सोयऱ्यांच्या कानावर घातली नसती, तर साखरपुड्याले पाहुणे आलेच असते. चांगल्या निबंधातली चार वाक्यं पाठव, नव्या आवृत्तीच्या मागं छापतो. आईले तुझ्याकडं करमते ना? संत्री पाठवून राहिलो. लोभ आहे, तो राहू दे.

तुझा जितू

प्रताप नगर, नागपूर,
१९ जानेवारी

चि. जितेंद्र यास आशीर्वाद.

आई बरी आहे. संत्री गोड निघाली.

वर्गात सगळे काकूवर तुटून पडले, भूमिका नावाची एक पोरगी सोडून. नरखेडकडची आहे, एरवी तोंड उघडत नाही. मी एकच गोष्ट घोकून घेते, की पात्र बोललं की विचारा, हे याले कसं कळलं? तिनं तेच केलं. दुसऱ्या अंकात ताई नटून दारात उभी आहे, अन् भाऊ म्हणतो की साडी बदल, ते येत नाहीत आता. भूमिकानं लिहिलं की निरोप तर पुढच्या प्रवेशात येते. म्हणजे सोयऱ्यांले भावानंच सांगितलं, काकू उगाच बदनाम झाली.

जितू, हे तू रचलं नाही. त्या दिवशी तू मले अस्संच म्हटलं होतं. वसंतमामा निरोप घेऊन संध्याकाळी आले. पोरांले शिकवते तो प्रश्न तुले कधी विचारला नाही मी, काहून की तू माझा भाऊ. बावीस वर्षं काकूशी बोलली नाही. तिच्या मयतीले गेली नाही रे मी!

फोन करू नको, उचलणार नाही. लिहून सांग.

प्रमोदिनी

काटोल,
२५ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न.

पोरं काहीही काढतात वं. पण विचारलंच आहे तर सांगतो, मी मनानं गेलो नव्हतो. आईनं पाठवलं. बाबा गेले होते, तुझी नोकरी नुकती लागली होती, माझं शिक्षण बाकी होतं. मले काय समजत होतं तेव्हा? अन् काकूचं नाव तूच घेतलं. मी फक्त नाही म्हटलं नाही.

जुनं उकरून काय मिळते? तो निबंध कुठं दाखवू नको. नव्या आवृत्तीत तेवढा प्रवेश दुरुस्त करून टाकतो. राग सोड, आशीर्वाद असू दे.

जितू

प्रताप नगर, नागपूर,
३१ जानेवारी

जितेंद्र,

तुझं पत्र आईले वाचून दाखवलं. ती मेथी निवडत राहिली. मग म्हणाली की तू गेली असती तर मले कोणं पाहिलं असतं वं? अन् चहा मागितला. मी केला. या वयात तिले टाकू कुठं?

पण तुझं तोंड पाहायची इच्छा नाही. वीस वर्षांचा होता तू, कुकुलं बाळ नव्हता. अन् आता तर त्यावर टाळ्याही घेऊन राहिला.

भूमिकाले सगळ्यात जास्त मार्क दिले. ताईचं पुढं काय झालं ते नाटकात कुठंच नाही, असं ती विचारत होती. तिले तुझा पत्ता दिला आहे. खरं लिहिजो.

प्रमोदिनी