मिठाच्या दरबाराचा तिसरा भाग

मुकुटबन,
१३ नोव्हेंबर २०११

चि. उर्वशीस,
सत्यशीला आत्याचा सप्रेम जयभीम व अ. उ. आ. वि. वि.

तुझं जाडजूड पाकीट मिळालं. पऱ्यांच्या इंग्रजी कादंबरीचा दुसरा भाग तू मराठीत लिहून पाठवलास, तो वेचणीच्या बायांना सांगून संपवला. आमच्या टोळीत गोष्ट सांगणारी वेचायला मधली पात, म्हणजे मधली ओळ धरते, म्हणजे दोन्हीकडे ऐकू जातं. एरवी पुढे पळणाऱ्या बायाही आता माझ्या बरोबरीने वेचतात. कापसाला यंदा भाव नाही, पण वावरात हसू मावत नाही.

कादंबरीत पऱ्यांचे मधाचा आणि मिठाचा असे दोन दरबार, तसे वावराचेही दोन दरबार झालेत. भुरीबाई मधाच्या राणीकडून, बाकीच्या मिठाकडून. मीरेल माणसाची पोर, वाढली मधाच्या दरबारात आणि जीव लावून बसली मिठाच्या सेनापतीवर, हे भुरीबाईला मुळीच पटत नाही. दुसऱ्या भागाच्या शेवटी तो तिला पुलावर एकटीला सोडून, एक शब्द न बोलता लढाईवर गेला, तेव्हा तानाबाईने कमरेची कापसाची ओटी सोडून वावराच्या धुऱ्यावर बसकण मारली. म्हणाली की असा नवरा कायले पाहिजे, आन् तो परत येते का नाही हे समजल्याबिगर मी बोंडाले हात लावत नाही. तिसरा भाग लवकर धाड, बाई.

आणखी एक. तुझ्या दर पत्रात पुस्तकं आणणारा रोशन असायचा. या पत्रात त्याचं नावही नाही. बरा आहे ना तो?

तुझी ओढ लागलेली,
आत्या

नागपूर,
२१ नोव्हेंबर २०११

ती. आत्यास,
उर्वशीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तानाबाईंचं वाचून इतकी हसले की नर्सिंग हॉस्टेलच्या मुली गोळा झाल्या. पण तिसरा भाग मिळणार नाही. तो रोशनकडे आहे, आणि रोशन पांढरकवड्याला एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून लागला. जाताना मला भेटला नाही. चौकीदाराकडे निरोप ठेवला आणि पुस्तक घेऊन गेला.

आमचा करार होता, एक पान त्याने मोठ्याने वाचायचं, एक मी, आणि एकट्याने पुढे जायचं नाही. एव्हाना त्याने सगळं वाचूनही टाकलं असेल. त्याचे फोन येतात, मी उचलत नाही. दिवाळीत त्याने लग्नाचं विचारलं होतं. मी हो म्हणणारच होते, आत्या. आता जो पानभर थांबू शकत नाही, तो जन्मभर काय थांबेल?

बायांना सांग, मालिका तिथेच संपली. बाबांना यातलं काही सांगू नकोस.

माया आहे ती राहू दे,
उर्वशी

मुकुटबन,
३ डिसेंबर २०११

चि. उर्वशीस,
अ. उ. आ. वि. वि.

मालिका संपली हे कोणी मानलं नाही. बायांनी स्वतःच मीरेलचं लग्न लावायला घेतलं. तानाबाईला मंगलाष्टकं हवीत, भुरीबाईला तिच्या बंजारा तांड्यावरची गाणी, मी म्हटलं त्रिशरण-पंचशील. पऱ्या कोणत्या धर्माच्या यावर दुपारची भाकर वाळली. मग ठरलं की खरं काय ते रोशनलाच विचारायचं. बाजाराच्या दिवशी आम्ही तिघी पांढरकवड्याला गेलो.

आम्ही रक्त तपासायला आलो असं समजून त्याने सुई काढली, तशी भुरीबाई दाराबाहेर पळाली. तुझं नाव सांगितल्यावर पोरगा लालेलाल झाला. तानाबाईने सरळ विचारलं की तो सेनापती वापस येते का नाही, एवढंच सांग. त्याने पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेलं पुस्तक काढलं. म्हणाला की मले माहीत नाही मावशी, पुलाच्या पुढं मी एक ओळ बी वाचली नाही, उर्वशीसंगच वाचीन.

निघायच्या दिवशी तो हॉस्टेलवर गेलता. तू वॉर्डात ड्युटीवर होतीस आणि चौकीदाराने फाटकातूनच परत धाडलं. हे सांगायलाच तो फोन करत राह्यला. तू चुकलीस, पोरी. तुझ्या जागी मी असते तरी अशीच फुगून बसले असते.

तो पुस्तक माझ्या हाती देत होता, मी घेतलं नाही. पुढच्या रविवारी, ११ तारखेला, ते घेऊन वावरात ये म्हटलं. तो येणार आहे. तुझं तू ठरव. भुरीबाई बाहेरूनच ओरडली की मी आजपासून मिठाकडून.

तुझं सुख मागणारी,
आत्या

नागपूर,
७ डिसेंबर २०११

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग त्याला फोन केला. मी माफी मागायच्या आत त्यानेच विचारलं, त्या तिघी मावश्या रागावल्या तर नाहीत?

रविवारी सकाळच्या एसटीने येते. एक पान तो वाचेल, एक मी, आणि लगेच मराठीत सांगू. सेनापती परत येतो की नाही, हे सगळ्यांना एकदमच कळेल. तानाबाईंना म्हणावं तोवर वेचत राहा.

फोनवर त्याने दिवाळीचा विषय काढला नाही, मीही नाही. ते उत्तर मला समोर उभं राहून द्यायचं आहे. तेव्हा पोचल्या पोचल्या बाया कितीही ओरडल्या तरी पुस्तक उघडू देऊ नकोस. आधी मी हो म्हणेन, मग पहिलं पान.

बाबांना आता सांगितलंस तरी चालेल.

तुझीच,
उर्वशी