विम्याच्या फॉर्मात एकच जोडी

३ मार्च, सोम.
ऑफिसच्या आरोग्य विम्याचा फॉर्म आला. आई-वडील किंवा सासू-सासरे, कुठलीही एकच जोडी निवडा. माझी आई नाही, सासरे नाहीत. उरले माझे वडील अण्णा आणि सासूबाई. दोघंही आमच्याकडेच; एकच हॉल, एकच रिमोट. सासूबाई आजवर सुधीरच्या विम्यात होत्या. जानेवारीत नवरोबांनी नोकरी सोडून ‘स्वतःचं काहीतरी’ काढलं. एप्रिलमध्ये सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. अण्णांना गेल्या वर्षीच दोन स्टेंट. बाहेरची पॉलिसी जुनी दुखणी लगेच धरत नाही.

४ मार्च
एचआरला फोन. इथे कानडी मुलखातही पुण्याचीच पोर निघाली.
“एक इकडचे, एक तिकडच्या, असं चालेल?”
“नाही मॅम, सेट लागतो.”
कपबश्या घेतोय जणू.

६ मार्च
जेवताना सांगून टाकलं. भांडण होईल वाटलं होतं. झालं, पण उलटंच.
अण्णा : “विहीणबाईंचं नाव घाल. माझं मशीन आत्ताच दुरुस्त झालंय.”
सासूबाई : “काही नको. माझा गुडघा बसला तर मी बसेन. तुमचं हृदय बसलं म्हणजे?”
अण्णा, नव्या कानडीत : “स्वल्प हळू बोला, त्याला ऐकू जातं.”
शेवटची पोळी एकमेकांच्या ताटात ढकलावी तसा तासभर आग्रह. मला कुणी विचारलंच नाही.

८ मार्च
मुलगी म्हणून अण्णांचं नाव टाकलं, सून म्हणून पुसलं. दोनदा. सासूबाईंचं टाकलं, तेही पुसलं. हसू आलं नाही.
सुधीर : “तू ठरव, मी तुझ्या बाजूने.” कुठल्या बाजूने, विचारलं तर कुकर बघायला गेला.

९ मार्च, रवि.
चहाला मी बोलून गेले, “तुम्ही दोघं लग्नच करा, सेट पूर्ण होईल.” सुधीरला ठसका. अण्णा सगळ्यांत मोठ्यानं हसले. सासूबाई फक्त म्हणाल्या, “पण याद्या कोण करणार?”
मग टीव्ही कुणी लावलाच नाही. रिमोट टेबलावर तसाच.

१० मार्च
पाचला फॉर्म बंद.
दोघं दुपारीच ‘भाजीला’ म्हणून रिक्षाने गेले. भाजीला इस्त्रीचा शर्ट? नारायणपेठ साडी? कपाटातली आधार कार्डांची फाइलही गायब.
फोन केला. अण्णा : “रजिस्ट्रारकडे नुसती चौकशी करून येतो गं. बेळ्ळंदूरच्या सिग्नलला अडकलोय. सरी, बरं, ठेव.” मागून सासूबाई : “तिला म्हणावं, कुकर लाव.”
एचआरला विचारलं, सावत्र आई चालते का?
“चेक करून सांगते मॅम.”
चार वाजून दहा. कुकर लावलाय. नावाची जागा रिकामी ठेवून बसले आहे.