सत्काराचा ढोकळा

शनिवार, संध्याकाळ

आज आमच्या बचत गटाचा सत्कार झाला. मुर्ध्यातल्या घराघरात ओला-सुका कचरा वेगळा करायला शिकवलं म्हणून. स्टेजवर शाली दिल्या. आमचे फोटो संपेपर्यंत पाहुण्यांनी ढोकळा संपवला. उष्टा ढोकळा, डिश, पाण्याच्या बाटल्या, सगळं एकाच पिशवीत कोंबून, शाली देणारे साहेब मला म्हणाले, "ताई, एवढं वेगळं करून घ्या. तुमचंच काम ना!"

मी चक्क "हो साहेब" म्हटलं. नाही म्हणायला काय झालं होतं मला?

खांद्यावरच्या शालींसकट आम्ही कचऱ्यापुढे बसलो. सक्षम महिला म्हणे! शेजारची रमाकाकू ढोकळ्याचे तुकडे बाजूला काढत म्हणाली, "नातीला खाऊ आनते सांगून आलेय गं."

मग त्यातलाच एक बरा तुकडा तिने शालीच्या टोकात बांधला. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.