बगळ्याचं शेवटचं कडवं

चिंचवडगाव, रविवार सकाळ

बालमित्र यशवंतराव यांना शरच्चंद्राचा कडकडून नमस्कार. गोजावहिनींचा गुडघा कसा आहे? भोसरीतल्या खोल्यांचे भाडेकरू अजून पाण्यावरून भांडतात का? (फोनच केला असता, पण तू तो उलटा धरतोस आणि “कोन बोलतंय? आवाज येत न्हाई” म्हणून ठेवून देतोस.) इकडे सगळं ठीक आहे, एक माझं डोकं सोडून, आणि हे मत माझं नसून घरच्यांचं आहे.

झालं असं, की परवा चौथीच्या पुस्तकातली बगळ्याची कविता पद्मजाला म्हणून दाखवत होतो. ती मेथी निवडत होती, म्हणजे श्रोता जागचा हलणार नव्हता. शेवटच्या कडव्यात ‘थांब ओढ्या, बगळा म्हणे, जाऊ नको पुढं’ इथवर आलो आणि पुढचं गायब! घास गोड लागेना. शेवटी संगणकावर गूगलला विचारायला बसलो. अनोळखी माणसाला एकदम काम कसं सांगायचं, म्हणून आधी ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ लिहिलं आणि मग ओळ. त्याने लग्नपत्रिकांचे नमुने दाखवले. (या वयात! पद्मजा अजून हसते आहे.) नमस्कार काढून टाकला, तर बगळ्यांच्या जाती आल्या आणि ‘निसर्गरम्य ओढ्याकाठी’ फ्लॅटची जाहिरात.

सूनबाई अपेक्षा चाकणला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे. ती म्हणाली, “बाबा, गूगल सगळीकडे शिरत नाही हो. आमच्या रॅकवरचा बोल्ट त्याला सापडेल का? तो आत येऊनच मागावा लागतो. आणि जुन्या पुस्तकांचे नुसते फोटो काढून ठेवलेले असतात, ते बऱ्याचदा त्याला वाचताच येत नाहीत.” म्हणजे हा रस्त्यावरून दुकानांच्या पाट्या वाचत जाणारा गृहस्थ! मग तिने मला एका ग्रंथालयाच्या वेबसाइटवर नेलं आणि तिथल्या चौकटीत कवितेची ओळ न लिहिता पुस्तकाची इयत्ता आणि साल लिहायला लावलं. यशवंता, आपलं पुस्तक उघडलं रे! कुणीतरी शाईने राजाला मिशा काढल्या होत्या, तू काढायचास तशाच. पानामागून पान उलटत बगळ्यापाशी पोचलो.

तर ते कडवं तिथे नाहीच. बगळा मासा खातो, उडून जातो, कविता संपते. खाली लगेच पुढचा धडा. आमचा ओंकार थेट विसराळूपणाच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेऊन आला. पोराचा चेहरा बघवेना.

तेव्हापासून ती ओळ मनात म्हणून बघतोय. ती गुरुजींच्या आवाजात येतच नाही. तुझ्या आवाजात येते, तुझ्या सदऱ्याच्या कडब्याच्या वासासकट. तपासणीला साहेब आले होते, गुरुजींनी तुला उभं केलं, आणि तू कुठेही न अडखळता कविता शेवटपर्यंत म्हटलीस, नव्हे, शेवटाच्याही पुढे गेलास! साहेबांनी तुझी पाठ थोपटली. ते कडवं तू तिथल्या तिथे रचलंस ना?

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझाच बाकशेजारी,
शरच्चंद्र

ता. क. पत्र अपेक्षाच घेऊन येते आहे, उद्या कामावर जाता जाता. चहा पाज आणि पूर्ण कडवं तुझ्या हाताने लिहून दे. ओंकारला दाखवायचं आहे, गुरुवारच्या आत.

पुन्हा ता. क. कडवं तुझं नसलं, तरी तुझंच म्हणून लिही. पुढच्या दोन ओळी आठवत नसतील तर आत्ता रच. त्या दिवशी समोर साहेब होते तरी घाबरला नाहीस; आज तर नुसता मीच आहे.