विंडोजच्या डिस्कवरची हाक

बाबा, काल कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीने तिची हार्ड डिस्क माझ्या कॉम्प्युटरला लावली, सहलीचे फोटो तिच्यावर घेतले आणि काढून पर्समध्ये टाकली. डिस्क विंडोजची, माझा कॉम्प्युटर लिनक्सचा, पण दोघांनी हूं की चूं केलं नाही. मीच आपली पडद्याकडे बघत बसले होते, की आता नाही म्हणेल, मग नाही म्हणेल. "मॅडम, कंई वांधो छे?" तिने विचारलं. तिला काय कप्पाळ सांगणार? पण घरी आल्यापासून आपलं बडोद्यातलं, समा भागातलं घर, तुमचा तो पांढरा हेडफोन आणि नाटकाचा तो अख्खा दिवस डोक्यातून जायला तयार नाही, म्हणून लिहायला बसले.

मकरपुऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तुम्हाला उसंत अशी मिळालीच नाही. मराठी मंडळाच्या नाटकांचे आवाज तुम्ही आधी टेपवर करत होता, मग कॉम्प्युटरवर करायला लागलात. दाराची घंटा, टांग्याची टापटाप, सासूचं खाकरणं, सगळं त्या एका काळ्या डिस्कमध्ये. घरच्या कॉम्प्युटरला दर पंधरवड्याला व्हायरस लागायचा, म्हणून मी वैतागून त्यावर लिनक्स घातलं. त्याच्या पेंग्विनला तुम्ही "तुझा पक्षी" म्हणायचात. पक्षी गुणी होता, पण तुमच्या डिस्कवरचे आवाज तो नुसते ऐकवायचा, नवा ठेवू द्यायचा नाही. विंडोज आपला माल कसा रचून ठेवतं हे बाहेर कुणाला धड ठाऊक नव्हतं, आणि चुकीच्या जागी लिहिलं तर होतं तेही जाईल, या भीतीने लिहिण्याची वाटच बंद ठेवलेली. "म्हणजे बघायचं, पण हात लावायचा नाही. सोवळ्यातला दिसतोय तुझा पक्षी," तुम्ही म्हणालात, आणि मला हसू आवरेना.

त्या वर्षीच्या नाटकात शेवटी मुलगी बॅग घेऊन घर सोडून निघते, उंबऱ्यात थबकते, आणि आतून आईची हाक येते, "अगं, येतेस ना? ताट वाढलंय." ती बॅग ठेवते आणि आत जाते. सगळं नाटक त्या हाकेवर उभं. तुम्हाला ती रेकॉर्ड करून हवी होती, कारण विंगेतली बाई विंगेतलीच वाटते, स्वयंपाकघरातली वाटत नाही, हे तुमचं म्हणणं. दिग्दर्शक पोरगेलासा, चांगला होता तसा, पण फटकळ. "काका, टेप प्रेक्षकांना लगेच कळते. तुमची एवढी इच्छा आहे तर करा. पण हशा झाला, तर पुढच्या वर्षापासून साउंड हॉलवाल्याकडे." हे तुम्ही घरी येऊन सांगितलंत आणि पानावर बसून नुसता भात चिवडत राहिलात. इतकी वर्षं केलेलं काम असं एका वाक्यावर टांगलेलं बघून मला त्या मुलाचा भयंकर राग आला होता.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी माईक डायनिंग टेबलावर आहे आणि आई ओट्यापाशी. तुम्ही बोट वर करता, आणि आई एकदम शुद्ध, गोड, रेडिओवरच्या बाईसारखी, "अगं, येतेस नाऽऽ?" "अगं, तू मुलीला बोलावतेयस, देवीला नाही," तुम्ही म्हणता. ती पुन्हा करते, आणखी बिघडतं. शेवटी आमटी उतू जाते आणि आई चिडते. "मला नाही जमत तुमची थेरं. गिळायला या आता." मग बाहेरच्या खोलीत वायरी गुंडाळत बसलेल्या मला, रोजच्या दमलेल्या आवाजात, "अगं, येतेस ना? ताट वाढलंय." तुम्ही हळूच मागे वळून बघितलंत. माईक चालूच होता. इतके खूश झालात की आईची ओरड संपेपर्यंत तुम्ही आमटीला दोनदा छान म्हणालात.

आता ती हाक डिस्कवर घालायची. आदल्याच आठवड्यात मी एक नवा प्रोग्राम उतरवून घेतला होता, त्याने विंडोजच्या डिस्कवर लिहिता येतं म्हणून तुमच्यासमोर फुशारकीही मारली होती. डिस्क लावली आणि पक्ष्याने साफ नकार दिला. मी म्हटलं, सीडीवर देऊ. तुम्ही ऐकेनात. खेळ चालू असताना सीडी शोधत बसणार नाही, सगळे आवाज एका जागी, ओळीने हवेत. मी पडद्यावरचा मजकूर नीट वाचला. ही डिस्क विंडोजने अजून बंद केलेली नाही, आधी तिकडे जाऊन बंद करा, असं त्याचं म्हणणं. "काल तालमीहून निघताना मंडळाचा विंडोजवाला कॉम्प्युटर कसा बंद केलात?" तुम्ही म्हणालात, "कसा म्हणजे? मेन स्विच पाडला." कारखान्यात मेंटेनन्सला हयात गेली, मेन पाडल्याशिवाय जागा सोडायची नाही हा तुमचा नेम. सहलीला निघालो तरी फ्रीजमधलं दूध आंबत ठेवून तुम्ही मेन पाडणार. मी म्हटलं, "बाबा, ते कॉम्प्युटर आहे, लेथ मशीन नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी तुम्हाला रागावले आणि तुम्ही ऐकून घेतलंत. चष्मा पुसत म्हणालात, "मग आता गेलंच म्हणायचं का?"

गेलं नव्हतं. शेजारच्या भाईंकडे विंडोज होतं. दुपारची झोपमोड झालेली, तरी "आवो आवो, एमां शुं", त्यात काय एवढं, म्हणत त्यांनी दार उघडलं. डिस्क लावली, विंडोजने तिची तपासणी केली, आणि मग मी ती रीतसर, त्याची परवानगी घेऊन काढली. तुम्ही सारखं विचारत होता, "आता काढू?" मी सारखी "थांबा" म्हणत होते. घरी येऊन लावली आणि पक्ष्याने निमूट लिहून घेतलं. तुम्ही हेडफोन लावून ऐकलंत, माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि शर्ट बदलायला गेलात.

प्रयोगाला तुम्ही मागच्या केबिनमध्ये. मुलगी उंबऱ्यात आली, हाक आली, आणि हॉलमधून, अंधारातून, कुणीतरी खणखणीत उत्तर दिलं, "आले गं." कुणी हसलं नाही. पडदा पडल्यावर तो पोरगेलासा दिग्दर्शक धावत केबिनमध्ये आला आणि तुमच्या पाया पडला. तिथून पुढे शेवटपर्यंत साउंड तुमच्याकडेच राहिला. येईल त्याला तुम्ही ती गोष्ट सांगायचात. "लोकांना ढाली मिळतात, मला प्रेक्षकाने ओ दिली," म्हणायचात, आणि वर, "ती बाई कोण ते कळलं तर पाया पडेन तिच्या." दवाखान्यात त्या नर्सला सांगितलंत तेव्हाही किती रंगून सांगितलंत.

हे पत्र कुठे पोस्टात पडणार नाही, म्हणून लिहिते. पोटच्या पोरीच्या पाया पडायला निघालेल्या बापाला कुणी काय सांगावं? आम्ही दोघींनी कधी आपसातसुद्धा तो विषय काढला नाही. ओ मीच दिली होती, बाबा, आणि आई माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेली होती.